शब्द गेले, मायची बोली राहिली

फळ्यावर मी ‘तत्पुरुष’ लिहिलं आणि पुढे ‘समास’ लिहायला हात उचलला, तेव्हा खडू बोटांतून निसटला. उचलायला वाकले. उजवा हात खडूपर्यंत पोचला, पण बोटं मिटेनात. मुलींना वाटलं, मॅडमना चक्कर आली. मला म्हणायचं होतं, ‘बसा गं, काही झालं नाही.’ तोंडातून निघालं, ‘ता, ता, ता.’ पहिल्या बाकावरच्या दोघी फिस्सकन हसल्या, मग माझ्या तोंडाकडे पाहून एकदम गप्प झाल्या. त्यांचे चेहरे पाहून मला कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय.

मी धुळ्याला देवपुरात राहते. आठवी ते दहावीला मराठी शिकवायचे. माझे मिस्टर वीज कंपनीत नोकरीला आहेत. एकुलती एक मुलगी, नेहा, लग्न होऊन जळगावला दिली. माहेर अमळनेरकडच्या एका खेड्यात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तिथे भाऊ, वहिनी आणि माय. मी शिकून शहरात आले तरी आईला ‘आई’ म्हणणं मला कधी जमलं नाही. ती मायच राहिली.

हे मी हळूहळू लिहिलं आहे. सकाळी अडलेला शब्द कधी दुपारी सापडतो, कधी दोन दिवसांनी. माझ्यासारखं कुणाच्या घरी झालं असेल, किंवा होऊ घातलं असेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

ऊन लागलं असेल

एप्रिलचा महिना, सकाळची शाळा, तरी दहा वाजताच अंगाची लाही. त्यामुळे स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी लिंबूपाणी आणलं. पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून साडीवर सांडलं. मला ते जाणवलंच नाही, डोळ्यांनी दिसलं तेव्हा कळलं. सगळ्या जीव लावून करत होत्या. कुणालाच काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

फोनवरून कळलं तसे हे ऑफिसातून आले. मला स्कूटरवर बसवता येईना तेव्हा रिक्षा केली आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पेशंट सोडून रिक्षाशीच आले. म्हणाले, “मॅडम, हसून दाखवा.” मी हसले. “दोन्ही हात वर करा.” एकच हात वर झाला.

“आत आणू नका,” ते यांना म्हणाले. “तसंच मोठ्या हॉस्पिटलला न्या. मी फोन करतो. आणि आता पाणी, गोळी, काहीसुद्धा तोंडात घालू नका.”

रिक्षा वळली. पांझरेच्या पुलावर यांनी माझा हात धरला होता. तो उजवा होता. त्यांचा हात मला दिसत होता, लागत नव्हता.

न दुखणारं दुखणं

मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. कारण विचाराल तर ब्लड प्रेशर. आणि ते मला आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनच हा भाग लिहायला जड जातो.

शाळेत एकदा आरोग्य तपासणीचा कॅम्प होता. मुलींची तपासणी संपल्यावर आम्ही शिक्षिकांनीही हौसेनं दंडाला पट्टा बांधून घेतला. माझा आकडा पाहून तिथल्या डॉक्टर बाईंनी पुन्हा मोजलं. मग देवपूरच्या आमच्या डॉक्टरांकडे गेले, आठवडाभर मोजलं, गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी बीपी अगदी छान आलं. मला वाटलं, बरं झालं. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण घेतं? शेजारपाजारच्याही म्हणायच्या, “सवय लागते हो त्या गोळीची, मग जन्मभर सुटत नाही.” पाकीट संपलं, नवं आणलं नाही. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, जिने चढत होते, पेपर तपासत होते.

नंतर डॉक्टरांनी मला समजावलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “मॅडम, बीपी दुखत नाही. दुखलं असतं तर लोकांनी गोळ्या चुकवल्या नसत्या. गोळीमुळे आकडा खाली आला होता. गोळी थांबली, तो परत वर गेला, आणि तुम्हाला हाक न मारता गेला.”

एवढंच मला कळायला हवं होतं.

वॉर्ड

पहिल्या दिवसांचं फार आठवत नाही. पांढरा उजेड, सारखा वाजणारा एक आवाज, नाकातली नळी. जे आठवतं ते स्वच्छ आठवतं. मला सगळं समजत होतं. हे कुणीच नीट धरून चालत नव्हतं. भेटायला आलेले लोक पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून माझ्यावरून बोलायचे. “बोलतील का हो पुन्हा?” “देवाला माहीत.” मी दोघांच्या मध्ये पडलेली, डोळे उघडे.

नेहा जळगावहून आली ती कोपऱ्यात तोंड लपवून रडली आणि मग माझ्याशी मोठ्या आवाजात बोलायला लागली, जणू मी बहिरी झाले होते. “आई, मी नेहा! ओळखलं का?” मला तिचं नाव येत होतं. डोक्यात होतं, जिभेच्या मागे होतं. ओठांवर येईपर्यंत त्याचं ‘ता’ व्हायचं.

ज्या बाईनं आयुष्यभर मुलींना शुद्धलेखनाच्या वह्या लाल करून दिल्या, तिच्याकडे एकच अक्षर उरलं होतं.

यांचं काय झालं होतं ते मला नंतर कळलं. ऑफिस, डबा, औषधांच्या दुकानाच्या फेऱ्या. एकदा ते मला भरवत होते. पेज हनुवटीवरून ओघळली. त्यांनी पुसली, पुन्हा चमचा भरला, पुन्हा ओघळली. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा डोळे धुतलेले होते. “ऊन फार आहे बाहेर,” एवढंच म्हणाले.

माय आली

मायला सुरुवातीला कुणी सांगितलंच नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, घाबरेल म्हणून. पण गावात बातमी लपत नाही. भावाच्या मागे लागून ती एका दुपारी वॉर्डात येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात स्लिपर, हातात पिशवी. माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली,

“रंजू, काय व्हयनं व माय तुले?”

आणि मी म्हणाले, “तू कव्हय उनी?”

तू कधी आलीस. अख्खं वाक्य. हे खुर्चीतून उठले. भाऊ दारात थांबला. नेहा म्हणाली, “आई, काय म्हणालीस? परत म्हण.” परत मला म्हणता आलं नाही. ‘ता ता’ झालं. पण ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं.

आमच्या माहेरी अहिराणी बोलतात. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘सगळे’ला ‘बठ्ठा’. मी डी.एड.ला गेले तशी ती बोली माझ्या तोंडातून गेली. मायनंच ती घालवली म्हणा ना. तिचीच इच्छा होती, पोरीनं शुद्ध बोलावं, मास्तरीण व्हावं. लग्नानंतर ती माझ्या घरी यायची, पण माझ्या मैत्रिणी, शाळेतल्या शिक्षिका आल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. “तुन्ही बोली ऐकीसन त्या हासतीन,” असं मी कधी तिला म्हटलं नव्हतं. ते तिनंच ठरवलं होतं, स्वतःबद्दल. ऐन सणात घर भरलेलं असताना ती नुसती हसून मान हलवायची. नेहाला वाटायचं, आजी अबोल आहे.

डोया

डिस्चार्जनंतर जळगावला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एका बाईंकडे जायचं ठरलं. त्या तरुण होत्या, या भागात नव्याच आलेल्या. नेहाच्या घरी मुक्काम, बरोबर माय. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत बस जायची आणि माय मला खिडकीशी बसवायची, म्हणजे उजवा खांदा तिच्या अंगावर टेकेल.

त्या बाई चित्रं दाखवायच्या. डोळ्याचं चित्र. मी घाम येईपर्यंत शोधलं आणि म्हणाले, “डोया.”

“डोळा,” त्या म्हणाल्या. “ळ. जीभ वर. ळ.”

केळ्याचं चित्र. “केय.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला कळत होतं, ‘ळ’ जमत नाही असं लिहिलंय. मला रडू आलं. मग त्यांनी एक चित्र काढलं, मुलगा जेवतोय. ‘मुलगा’ शब्दाच्या वाटेवर मला नुसता काळोख दिसला. आणि अचानक तोंडातून आलं, “पोऱ्या खाई राह्यना.”

बाईंनी पेन ठेवला. “काय म्हणाल्या?”

माय मागे स्टुलावर बसली होती. अंग चोरून म्हणाली, “पोऱ्या खाई राह्यना, म्हने. मुलगा जेवी राह्यना. आमनाकडे असंच बोलतस. ती चुकनी नही, बाई.”

“आणि डोया?”

“डोया म्हंजे हाऊ.” मायनं स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवलं.

बाईंनी वहीतली ओळ खोडली आणि खुर्ची मायकडे वळवली. “आजी, ह्यांच्या लहानपणी घरात हीच भाषा होती ना? कधीकधी आधी शिकलेलं आधी परत येतं. आपण ह्याच भाषेतून सुरुवात करू. मला ती येत नाही. म्हणजे तुम्हालाच करावं लागेल. दिवसभर बोला त्यांच्याशी. दिसेल त्याचं नाव सांगा.”

माय इतकी लाजली. “मनी बोली? आठे, जळगावले?”

“हो,” बाई म्हणाल्या. “आणि मोठ्यानं.”

हाऊ तवा, हाई पोई

त्यानंतरचे महिने माझ्या आजारपणातले सगळ्यात चांगले महिने होते. वाचताना विचित्र वाटेल, पण तसं होतं.

माय आमच्या देवपूरच्या घरातच राहिली. सकाळी उठली की सुरू. “हाऊ तवा शे. काय शे?” मी म्हणायचे, “तवा.” “हाई पोई शे.” “पोई.” गॅसपाशी आली की जरा थांबायची. “हाऊ गॅस शे. त्याले गॅसच म्हनतस.” आम्ही दोघी हसायचो. माझं हसू वाकडं यायचं, तिला चालायचं. भाजी निवडताना ती जुन्या गोष्टी सांगायची. कोणाची म्हैस विहिरीत पडली, कोणाच्या लग्नात मांडे कमी पडले. मी मध्येच एखादा शब्द घालायचे. ती तो शब्द धरून पुढे जायची, जणू मी सरळ गप्पाच मारते आहे. तिनं कधी ‘पुन्हा म्हण’ असं म्हटलं नाही.

अहिराणीच्या मागून मराठी येऊ लागली. एका संध्याकाळी हे ऑफिसातून आले आणि मी म्हणाले, “चहा ठेवू?” ते बूट काढता काढता तसेच बसून राहिले.

माय शेजारणींसमोरही बोलू लागली होती. स्वयंपाकघरात जाऊन बसायची नाही. तिला काम मिळालं होतं ना. जिना उतरताना मी घाबरले की ती एक पायरी पुढे उतरून हात वर करायची. “ये. मी शे.” नेहा सुट्टीला आली की कान देऊन ऐकायची. एकदा मला म्हणाली, “आजी किती बोलते गं. मला माहीतच नव्हतं.”

दर महिन्याला बीपी मोजायला आमच्या डॉक्टरांकडे जायचं. एकदा माझं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “आजी, तुम्ही पण हात द्या.”

“मले काय धाड भरनी?” माय म्हणाली. पण हात दिला.

डॉक्टरांनी पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा मोजलं. मग नुसतंच विचारलं, “आजी, पाय सुजतात का?”

“संध्याकायले सुजतस. म्हातारपन शे, बापा.”

“चक्कर?”

“ती त कितला सालपासून शे.”

त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला दिली. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आम्हाला आत बोलावलं नाही, आधी यांना एकट्याला बोलावलं. दाराच्या जाळीतून मला यांची पाठ दिसत होती. पाठीवरूनच मला कळलं.

मायचं बीपी कित्येक वर्षांचं होतं. कुणी कधी मोजलंच नव्हतं. तिला त्रास झाला तर ती ओवा चावायची आणि कामाला लागायची. तेवढ्या वर्षांत मूत्रपिंडं झिजून गेली होती.

दोघींची गोळी

त्या दिवसापासून सकाळी चहानंतर आम्ही दोघी गोळ्या घ्यायचो. ती माझी पाकिटातून काढायची, कारण माझ्या बोटांना पाकीट फुटायचं नाही. मी तिला कुठली घ्यायची ते सांगायचे, कारण तिला वाचता यायचं नाही. पापड, लोणचं बंद झालं. तिला त्याचं वाईट वाटलं. “मीठ नही, मिरची नही, मंग भाकर कसाले खावानी?” असं म्हणत खायची.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, तुटक तुटक, “आता... गोळीनं... बरं?” ते खोटं बोलत नाहीत. म्हणाले, “जे गेलं ते गोळीनं परत येणार नाही. उरलेलं जास्त दिवस पुरेल.” पुरलं. पण आम्हाला हवं होतं तितकं नाही.

मधल्या काळात मी शाळेत परत जाऊन पाहिलं. मुख्याध्यापिकांनी सोपा वर्ग दिला. कविता वाचायला उभी राहिले. दुसऱ्या ओळीत शब्द अडला. चाळीस मुली थांबल्या. एकीनंही चुळबूळ केली नाही. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं अगदी हळू, मला तेवढं ऐकू येईल असा, तो शब्द म्हटला. मी तो घेतला, ओळ पूर्ण केली. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मागितला. त्या मुलीनं माझी लाज राखली होती, आणि तेच मला सोसवलं नाही. तिला तिथं बसून मला शब्द पुरवायचे नव्हते, शिकायचं होतं.

घरी आले. माय म्हणाली, “लवकर उनी?” मी म्हणाले, “शाया सुटनी.” शाळा सुटली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्याजवळ बसून राहिली.

तू सांग

पावसाळा संपता संपता मायला धाप लागायला लागली. पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. धुळ्यालाच तिला दाखल केलं. भाऊ गावाहून आला. तिथले डॉक्टर भले होते, घाईत होते. डायलिसिस करावं लागेल म्हणाले. यांनी मायला समजावलं, “आई, मशीनवर रक्त शुद्ध करतात. काही घाबरण्यासारखं नाही.” भावानंही सांगून पाहिलं, पण अर्ध्यातच तो रुमालानं तोंड पुसू लागला. माय दोघांकडे पाहत होती. मग तिनं मान माझ्याकडे वळवली.

“रंजू. तू सांग.”

त्या खोलीत सगळ्यांत वाईट बोलता येणारी मी. मी पलंगाच्या कडेला बसले. आधी मनात शब्द गोळा केले. जिभेला वळण लागेपर्यंत ती थांबली. तिला थांबायची सवय होती.

“माय. तुन्ही रंगत...” रंगत म्हणजे रक्त. “रंगत... मशीनमा... साफ करतस.”

“दुखस का?”

“सुई. टोचतस.”

“कितला दिन?”

हा शब्द मला येत होता. तो म्हणायला मी उशीर केला. “कायम.”

तिनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. “तू काय म्हनस?”

मला पुष्कळ म्हणायचं होतं. तू गेलीस तर माझ्याशी कोण बोलेल, हे म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्याकडे नव्हतं, कुठल्याच भाषेत नव्हतं. मी म्हणाले, “कर.”

“मंग करसू,” माय म्हणाली.

केलं तिनं. काही महिने. मशीनवर असताना मी तिच्या पायाशी बसायचे. आता नावं सांगायची पाळी माझी होती. तिला गुंगी यायची, भलतंच बोलायची. नर्स विचारायच्या, काय हवंय आजीला? मी सांगायचे. पाणी मागताहेत. कूस बदलायची आहे. म्हशीला चारा घातला का विचारताहेत. नर्स म्हणाल्या, “घातला म्हणून सांगा.” मी मायला म्हणाले, “घातला, माय.” तिनं डोळे मिटले.

एका सकाळी, मशीनला जायच्या आधी, ती अगदी शुद्धीवर होती. केस विंचरून घेतले माझ्याकडून. म्हणाली, “रंजू, आते बस व्हयनं. मले घर लई चाल.”

आता मशीन नको, तिला घरी जायचंय, हे मी डॉक्टरांना सांगितलं. यांनी सांगितलं, भावानं सांगितलं. डॉक्टरांनी तिला स्वतः विचारलं, मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगितलं. त्यांनी अडवलं नाही. धाप कमी राहील अशी औषधं दिली, काय काय होईल ते समजावलं. आम्ही तिला गावी नेलं. ओसरीत खाट टाकली. कपाशी वेचायला बाया चालल्या होत्या, त्या वाकून बोलून जायच्या आणि ती त्यांना नावानं हाक मारायची. तिथेच, आठवडा व्हायच्या आत, ती गेली. मी तिचा हात धरला होता. या वेळी डाव्या हातानं धरला होता, म्हणून मला तो गार होताना कळला.

आमच्याकडे बायका मयताला रडताना बोलतात. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य रडण्यात सांगतात. वहिनीनं सांगितलं, चुलत्यांच्या सुनांनी सांगितलं. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, लेकीची पाळी म्हणून. माझ्या तोंडून ‘माय’ एवढंच आलं. पुन्हा ‘माय’. मागे कुणीतरी कुजबुजलं, “शिकेल बाई शे, तिले कसं येईन?” शिकलेल्या बाईला हे कसं येणार, असं म्हणणाऱ्यांचा मला राग आला नाही. पण तेवढं तरी मला करता यायला हवं होतं.

त्यानंतर

आता मी बरी आहे असं सगळे म्हणतात. गोळी चुकत नाही. चालते. उजव्या हातानं पोळी लाटता येत नाही, भाकरी थापता येते. मराठी बोलते, हळू. घरात अहिराणी कुणी बोलत नाही. भावाचा फोन येतो तेव्हा दोन वाक्यं होतात, मग तो म्हणतो, “बरं, ठेवू?”

आणखी एक झालं, ते सांगून थांबते. मायच्या दिवसकार्याला नेहा आली होती, तेव्हा मी तिला आमच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. तिशीची पोर. “आई, मला काय होतंय?” अगदी माझाच सूर. तिचं बीपी जास्त निघालं. फार नाही. डॉक्टर म्हणाले, रडून रडून आणि जागरणानंही येतं, काही दिवस जाऊ द्या, जळगावला परत मोजा.

त्या परत मोजण्याला मी मुद्दाम जळगावला गेले. आजारपणानंतर एकटीनं केलेला तो पहिला प्रवास. दवाखान्यात नेहाच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा ती मशीनकडे पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. आकडा पुन्हा तसाच होता. तिथल्या डॉक्टर बाईंनी शांतपणे सांगितलं. आधी काही तपासण्या, मीठ कमी, रोज चालणं. घरी मोजत राहा. लागली तर गोळी, आणि लागली तर ती मनानं थांबवायची नाही. घरात आईचं आणि आजीचं झालेलं आहे, तेव्हा अंगावर काढू नका.

बाहेर आलो. चालता चालता नेहा म्हणाली, “म्हणजे हे आता मला पण. कायमचं.”

मी खोटं बोलले नाही. “हो,” म्हणाले.

तिचे डोळे भरले. कोपऱ्यावर रसवंती होती, चरक फिरत होता. ऊन होतं. मी तिला बाकावर बसवलं. रसवाल्यानं दोन ग्लास भरले आणि मिठाच्या डबीकडे हात नेला. मला म्हणायचं होतं, नको. शब्द नेहमीसारखा अडला.

“दादा, मीठ नको,” नेहा म्हणाली. “दोन्हीत नको.”

रस सपक लागला. आम्ही दोघींनी तो संपवला.